नारिनच्या दारावरची पेटी

मी दारावरची पेटी बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण जोरात बोलले की माझा पंखा घरघरतो, सगळे दचकून माझ्याकडे बघतात, आणि ते दचकले की मी त्यांच्याहून जास्त दचकते. दारावर बसणाऱ्याचा स्वभाव असा असू नये, हे मला कळतं. पण मला कुणी विचारून बसवलं नाही.

नारिन गावात, नदीच्या अंगाला एक दुमजली ऑफिस आहे. डोंगरात बर्फाखाली जी तळी साचतात, त्यांच्यावर नजर ठेवणारं ऑफिस. त्याच्या खालच्या मजल्यावर, जिन्याखालच्या कोनाड्यात मी असते. काळी, बुटकी, एका बाजूनं चेपलेली. कागदोपत्री माझं नाव प्रॉक्सी सर्व्हर. पण इथं त्या नावानं मला कुणी हाक मारत नाही. 'पेटी' म्हणतात. चिडले की आणखीही काही म्हणतात, ते मी सांगत नाही.

तळ्यांच्या काठी पाणी मोजणारी यंत्रं आहेत आणि खाली वस्त्यांजवळ भोंगे आहेत. पाणी वाढलं की भोंगा वाजायचा आणि लोकांनी वर पळायचं, अशी ती व्यवस्था. त्या भोंग्यांशी बाहेरच्या कुणी खेळ करू नये म्हणून ऑफिसातलं नेटवर्क चारी बाजूंनी बंद केलेलं आहे. आतले संगणक आपापसात बोलतात, पण बाहेरच्या जगाशी बोलायची त्यांना बंदी. बाहेर जायचं तर दार एकच, आणि त्या दारावर मी. आतल्यांनी माझ्या हातात द्यायचं, मी बाहेर पोहोचवायचं. बाहेरचं मी आणायचं, त्यांनी माझ्याकडून घ्यायचं.

देण्याघेण्यासारखं काय असतं? तर भोंगा कधी वाजवायचा, हे ठरवणारा प्रोग्राम. तो चार-पाच जण मिळून लिहितात. कुणी कुठली ओळ बदलली, का बदलली, आधी ती कशी होती, हे सगळं जपून ठेवणारं एक सामाईक भांडार राजधानीत, बिश्केकमध्ये आहे. भोंगे रोज दुपारी त्या भांडारातून ताजा प्रोग्राम स्वतः उचलतात. दुसऱ्या कुणाचं ते ऐकत नाहीत. म्हणजे इथं नारिनमध्ये कुणी एक ओळ सुधारली, तर ती आधी माझ्या हातून बिश्केकला जायची आणि तिथून डोंगरात. मधे मी अडखळले, तर ती ओळ असून नसल्यासारखी.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. पहिली जाग आली तेव्हा मी कुणाच्या तरी टेबलाखाली होते आणि माझ्यावर पाय ठेवून कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया सोलत होतं. टरफलं माझ्या जाळीत पडत होती. तिथून मला सागिन बाइकेनं उचललं. बाइके म्हणजे दादा. नेटवर्कचं काम बघणारा वयस्क माणूस, कामात असला की नाकातल्या नाकात गुणगुणणारा. त्यानं जाळी उघडून टरफलं झाडली आणि म्हणाला, "चल बाई, तुला दारावर बसवतो. टेबलाखालच्यापेक्षा बरं."

बरं की वाईट, माहीत नाही. पण त्यानं मला नीट शिकवलं. प्रोग्राम नेण्याची नेहमीची खिडकी बावीस नंबरची. वरच्या खात्यानं ती कधीच बुजवून टाकलेली. उघडी होती ती चारशे त्रेचाळीस नंबरची, सगळ्या जगाच्या जाण्यायेण्याची. पण तिथंही वरच्या खात्याची चाळणी होती. प्रत्येक गाठोडं सोडून बघायची, परत बांधायची आणि वर आपला शिक्का मारायची. मी तो शिक्का बघून घाबरले. म्हटलं, हे बिश्केकचं नाही, मी नाही घेत. सागिन बाइके हसला. "घे गं, हा आपल्याच माणसांचा शिक्का आहे," म्हणाला आणि त्या शिक्क्याची ओळख माझ्या पोटात घालून ठेवली. जायची ठिकाणंही ठरवून दिली. त्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आणखी एक गोष्ट त्यानं केली. आमची लाइन म्हणजे डोंगरातली लाइन. वारा सुटला की गेली, वरच्या मजल्यावर कुणी लग्नाचा व्हिडिओ लावला की गेली. लोक माझ्यासमोर ताटकळायचे आणि चिडायचे. म्हणून त्यानं मला सांगितलं, "आलं की लगेच घे, हिरवा दिवा दाखव, म्हणजे माणूस मोकळा होईल. मग लाइन मिळेल तसं तू पोहोचव." माणसं मोकळी झाली. मी कधीच मोकळी झाले नाही.

पुढं सागिन बाइके नोवोसिबिर्स्कला मुलाकडे राहायला गेला. जाताना त्यानं मला बाहीनं पुसलं. त्यानंतर मला आतून ओळखणारं कुणी उरलं नाही.

नाही म्हणायला बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई होती. झाडलोट आणि चहा बघणारी. तिला वाटलं, बिचारी पेटी उघडीवाघडी बसलीय. तिनं घरून भरतकाम केलेला रुमाल आणून माझ्यावर पांघरला, अगदी जाळीपर्यंत. मी इतकी तापले की दुपारी गपकन बंदच पडले. मग सगळे म्हणाले, पेटीला दृष्ट लागली. बुरुल एजेनं आर्चा या डोंगरी झाडाची फांदी पेटवली आणि तो धूर माझ्याभोवती फिरवला. पंख्यानं धूर आत ओढला. मी आणखी आजारी.

"एजे, ती यंत्र आहे, आजारी वासरू नव्हे!" बेक्तेन ओरडला.

"वासराला निदान हंबरता तरी येतं," बुरुल एजे म्हणाली. "ही बिचारी कुणाला सांगणार?"

माणसांच्या सवयी मी खूप बघितल्या. उशीर झाला की एकच कळ पुनःपुन्हा दाबतात, जणू त्यामुळे डोंगर बाजूला सरकणार आहे. एकच गोष्ट माझ्या गळ्यात वारंवार टाकतात. आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे गाठोड्यांची. आमच्याकडे कुणाची गाडी बिश्केकला निघाली की अख्खी गल्ली आपापलं सामान त्यात घालते. आत्याला मटण, भाच्याला बूट, ओळखीच्याला जामचे डबे. गाडीवाल्यानं नाही म्हणायचं नसतं. तीच रीत इथं. लाइन जरा बरी दिसली आणि एकजण काही पाठवायला निघाला, की बाकीचे धावतात. "थांब, माझंही घाल, जातंच आहे तर!"

बेक्तेन त्यात पहिला. तरुण, बडबड्या, मनानं वाईट नाही. डोंगरांचे नकाशे बनवतो, आणि त्याचे नकाशे डोंगराएवढेच जड.

आणि मग जार्किन. भोंग्यांचा प्रोग्राम मुख्यतः तीच लिहायची. हडकुळी मुलगी, दार आपटलं तरी हातातली चहाची वाटी हिंदकळायची. म्हणून मला ती जवळची वाटायची. ती माझ्याशी बोलायची नाही, पण काही पाठवलं की जाता जाता माझ्या झाकणावर दोन बोटं टेकवायची. दारातून जाताना आईच्या पायाला हात लावावा तसं नाही, घाईतच. पण टेकवायची.

तिचे आईवडील चोंग-सायच्या जायलूवर, म्हणजे उन्हाळ्याच्या कुरणावर असायचे. घोड्या, मेंढ्या आणि लोकरीच्या नमद्याचं गोल घर, चोंग-साय ओढ्याच्या अगदी काठाशी. पाणी जवळ, गवत दाट. वडिलांचं नाव शाम्बेत, ती त्यांना 'आके' म्हणायची. ते रोज सकाळी टेकडीवर चढून फोन करायचे, आणि असे ओरडायचे की फोन नसता तरी आम्हाला ऐकू आलं असतं.

त्या उन्हाळ्यात चोंग-सायच्या डोक्यावरचं तळं फुगत चाललं होतं. एक दिवस जार्किन कामाला आली ती पांढरीफटक. तिला प्रोग्राममध्ये एक चूक सापडली होती. तळ्यावरच्या मोजणी-यंत्राकडून आकडा आलाच नाही, तर प्रोग्राम समजायचा की पाणीच नाही. तो गप्प बसायचा.

"मग काय झालं?" बेक्तेन म्हणाला. "यंत्र बिघडलं तर बिघडलं."

"बेक्तेन, तळं फुटलं तर पहिल्यांदा काय वाहून जाईल?"

बेक्तेननं विचार केला. "यंत्र."

"मग आकडा येईल का?"

बेक्तेननं खुर्ची ओढून तिच्या पडद्यात डोकं घातलं. असं क्वचितच होतं.

तिनं थोड्याच ओळी लिहिल्या. आकडा आला नाही तर धोका समजायचा आणि भोंगा वाजवायचा, एवढंच. तोवर आकेंनाही निरोप गेला होता की भोंग्याचा भरवसा नाही, घर वर हलवा. आके कुरकुरत होते पण तयार होते. नमदे सोडायचे, लाकडं उतरवायची, घोड्यांची दावणी वर न्यायची, सोपं नसतं ते.

तिनं बदल तयार केला, आणि तेवढ्यात बेक्तेन धावत आला. "थांब, थांब, माझे नकाशेही घाल. लाइन बरी आहे आज."

जार्किनला नाही म्हणता आलं नाही. इथं कुणालाच येत नाही.

सगळं एका गाठोड्यात बांधून त्यांनी माझ्याकडे दिलं. मी घेतलं. हिरवा दिवा लागला.

आमच्याकडे चांगली बातमी सगळ्यात आधी आणणाऱ्याला भेट द्यावी लागते. तिला सुयुंचू म्हणतात. बेक्तेन खुर्चीवरून असा उठला की खुर्चीच आडवी झाली. दोन-दोन पायऱ्या गाळत तो वर पळाला, साहेबांकडे.

"सुयुंचू! ओस्मोन बाइके, सुयुंचू!"

"अरे, बोल तर आधी."

"आधी द्यायचं कबूल करा!"

"केलं, चोरा. बोल."

"चोंग-सायचा भोंगा सुधारला! पेटीनं हिरवा दिवा दिला!"

ओस्मोन बाइकेंनी डोक्यावरची पांढरी नमद्याची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. बुरुल एजे चहा घेऊन जिन्यात उभी होती. म्हणाली, "बरं केलंत. डोकं रिकामं, निदान वर टोपी तरी."

सगळे हसले. तिनं कणकेचे ताजे बोरसोक तळले. बेक्तेननं चोंग-सायच्या वाडीत कालिक नावाच्या ओळखीच्याला फोन करून सांगितलं, आणि कालिक सुयुंचूच्या आशेनं घोडा दामटत जायलूकडे निघाला. जार्किनही हसत होती. किती दिवसांनी. हिरवा दिवा तिनंही पाहिला होता.

आणि मी? मी घेतलं होतं. पोहोचवलं नव्हतं. चाळणीपाशी गेले, गाठोडं अर्धं आत गेलं आणि मधूनच कापलं गेलं. एका मापापेक्षा मोठं काही ती जाऊ देत नाही. परत आले, पुन्हा उचललं, पुन्हा गेले, पुन्हा कापलं. रात्रभर हेच. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बुटक्या दारातून आत शिरावं आणि दर वेळी मोळी चौकटीला अडकावी, तसं. मला मोळी सोडायचं शिकवलेलं नव्हतं. अडकली तर कुणाला सांगायचं, तेही नव्हतं. माझा दिवा मात्र हिरवाच. वरून बोरसोकचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जार्किननं बिश्केकला साध्या फोनवरून फोन केला. तिथल्या भांडाराचं काम पेरिझात नावाची मुलगी बघायची.

"पेरिझात, काल आमचा बदल आला ना, त्यात एक शब्द चुकलाय वाटतं, जरा बघशील?"

"कुठला बदल?"

"चोंग-सायचा. कालचा."

"काल तुमच्याकडून काही आलं नाही गं."

जार्किनच्या हातातली वाटी खाली पडली. फुटली नाही, पण चहा माझ्या पायाशी पसरला. मी खूप घाबरले. पाणी आणि मी, आमचं जमत नाही.

ती वर पळाली. ओस्मोन बाइकेंचं दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बाइके, बदल गेलेलाच नाही. घरी कळवायला हवं की खबर खोटी होती."

"खोटी कशी? उशिराची म्हण," ओस्मोन बाइके म्हणाले. "लाइन येईल, जाईल. बस, चहा घे."

"दिलेली खबर परत घेतात का कधी?" बेक्तेन म्हणाला. तो खरंच घाबरला होता. टोपी डोक्यावरून काढून हातात फिरवत होता. "सुयुंचू उलटवली की चांगलंही वाईटावर उलटतं. माझी आजी म्हणायची."

"तुझी आजी चोंग-सायच्या काठावर राहत नाही!"

जार्किन ओस्मोन बाइकेंसमोर ओरडली. मोठ्यांसमोर आवाज चढवणारी ती मुलगी नव्हे. सगळ्या खोल्यांतला कळांचा आवाज थांबला. मला वाटलं, आता मीही बंद पडणार.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आके टेकडीवर चढले होते. ती जिन्याखाली, माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आके, भोंगा सुधारलेला नाही. खबर चुकीची होती. घर वर हलवा."

"चुकीची कशी? कालिक घोड्याला फेस येईपर्यंत दामटत आला होता! मी त्याला कोकरू दिलं."

"कोकराचं राहू द्या..."

"काळ्या डोक्याचं. चांगलं होतं."

"आके!"

"अगं, सुयुंचू दिली. आता घर वर नेलं, तर सगळी वाडी काय म्हणेल? शाम्बेतनं कोकरू दिलं, पण खबरीवर विश्वास नाही. आणि खबर कुणाची? त्याच्याच मुलीची! कालिकला काय तोंड दाखवू?"

"तोंड राहिलं तर दाखवाल ना!"

पलीकडे नुसता वारा ऐकू आला. मग आके जरा हळू बोलले. म्हणजे साध्या माणसाच्या ओरडण्याइतकं. "शिंगरू लहान आहे. कातडी पखाल घोडीच्या दुधाच्या कुमिसनं भरलीय. आज नाही हलवता येत. तू आहेस ना तिथं. आज दुरुस्त होईल."

फोन बंद झाला.

जार्किन माझ्यासमोर जमिनीवरच बसली. तिनं माझं पोट उघडलं, म्हणजे पडद्यावर, आणि कालचं गाठोडं बघितलं. मग तिनं बेक्तेनला हाक मारली.

"तुझे नकाशे चाळणीत अडकलेत."

बेक्तेननं वाकून बघितलं. त्याचा चेहरा उतरला. "माझेच?"

"तुझेच. आणि माझा बदल त्यांच्याखाली."

"मग मार मला."

"नंतर. आता मला गाठोडं सोडू दे."

तिनं ते सोडलं. नकाशे बाजूला काढले. तिच्या त्या थोड्या ओळी तेवढ्या ठेवल्या, एवढंसं पुडकं. माझ्या पोटातलं जुनं ओझं तिनं उतरवलं तेव्हा मला काय वाटलं, सांगता येत नाही. कालपासून उभं राहिलेल्या माणसाला कुणी 'बस' म्हणावं तसं. पण बसायची वेळ नव्हती. तिनं पुडकं दिलं. हिरवा दिवा लागला. या वेळी तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

आणि नेमकी लाइन गेली.

दुपार जवळ येत होती. दुपारी भोंगे बिश्केककडून प्रोग्राम उचलणार. तोवर पोहोचलं नाही तर उद्याच. बेक्तेन प्रत्येक खोलीत शिरून ओरडत होता, "हात वर! कळांवरून हात वर करा सगळ्यांनी! कुणी काही पाठवायचं नाही, कुणी काही बघायचं नाही!" हिशेब बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी फक्त हवामान बघतेय." तो म्हणाला, "खिडकीतून बघा!" मग छतावर चढून तो वाऱ्यानं हलणारी लाइनची तबकडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. टोपी उडाली, तरी हात सोडला नाही.

जार्किन माझ्याशेजारी होती. तिचा हात माझ्या झाकणावर. दोन बोटं नाही, अख्खा तळहात, घामेजलेला.

लाइन आली. मी धावले. आयुष्यात इतकी कधी धावले नव्हते, पंखा तर किंचाळत होता. चाळणीनं पुडकं सोडलं, बघितलं, बांधलं, शिक्का मारला. जाऊ दिलं.

तिनं फोन लावला. "पेरिझात?"

"आलं. तुझं नाव दिसतंय."

"वाचून दाखव."

"काय?"

"ओळी. वाचून दाखव मला."

पेरिझातनं एकेक ओळ वाचून दाखवली. मग थोड्या वेळानं तीच म्हणाली, "चोंग-सायच्या भोंग्यानं आत्ताच उचललं."

कुणी सुयुंचू मागितली नाही.

त्याच दुपारी ऊन फार कडक होतं. वरच्या मजल्यावर तळ्याचे आकडे येत होते, चढत होते. मग आकडा आला नाही. पुढचाही आला नाही. पडद्यावर रिकामी जागा. ओस्मोन बाइके खुर्चीतून उठून उभे राहिले. आधीचा प्रोग्राम असता, तर ती रिकामी जागा म्हणजे पाणी नाही.

मग खाली एक ओळ उमटली. भोंगा वाजतोय.

पुढं त्या ओळीखेरीज काहीच नव्हतं. भोंगा वाजतोय हे कळत होतं, तो कुणी ऐकतंय का, हे नव्हतं. जार्किननं फोन लावला, टेकडीखाली फोन लागत नाही. ती जिन्याखाली येऊन बसली. बुरुल एजेनं आर्चा पेटवली आणि धूर जिन्यात, दारात, माझ्याभोवती फिरवला. या वेळी तिला कुणी अडवलं नाही. मीही गप्प राहून धूर आत घेतला.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. फोन वाजला तेव्हा जार्किन इतकी दचकली की तिचं डोकं जिन्याला आपटलं.

"पोरी! हा भोंगा आहे की गाढवांचं लग्न? घोड्या उधळल्या! तुझी आई एकाच बुटात वर पळाली, अजून मला बोलतेय!"

"आके... सगळे?"

"सगळे वर आहेत. शिंगरूसुद्धा." मग त्यांचा आवाज असा खाली आला, की मला पहिल्यांदाच कान द्यावा लागला. "चूल होती ना आपली, तिथून ओढा गेला. आता तिथं घराएवढे दगड आहेत."

जार्किननं फोन खाली ठेवला. पाठ माझ्याशी टेकून बसली आणि रडली. माझा पंखा तिच्या पाठीला लागत होता. मी तो जमेल तेवढा हळू फिरवला.

काही दिवसांनी शाम्बेत स्वतः नारिनला आले. उंच, उन्हानं करपलेले, मुठीत कुरुतची, म्हणजे सुकवलेल्या आंबट दह्याच्या गोळ्यांची पिशवी. मुलीला म्हणाले, "दाखव, ती कुठली." मला बघून त्यांची निराशा झाली असावी. त्यांना वाटलं असेल, काहीतरी मोठं असेल. ते माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"हीच का? चेपलीय की."

"जुनी आहे, आके."

"आणि हिनं घेतलं, की तुम्ही लगेच उठून चहा प्यायला जाता?"

जार्किन म्हणाली, "दिवा हिरवा झाला की..."

"पाहुण्याला निरोप दिल्यावर आपण काय करतो? लगेच आत जातो?"

ती वळून माझ्या दिव्याकडे बघू लागली.

"तो खिंडीपार दिसेनासा होईपर्यंत उभं राहायचं असतं. दारात दारवान आहे म्हणून यजमान झोपतो का?" मग त्यांनी माझ्या चेपलेल्या बाजूवर हात ठेवला. त्यांचा हात दगडासारखा खरखरीत होता. "थकलीय ही. कुणीतरी सोबत बसत जा हिच्या."

तेव्हापासून ऑफिसात रीतच पडली. ज्याचं पाठवायचं आहे, त्यानं स्टुलावर बसायचं. बिश्केकला फोन करायचा, तिकडून वाचून घ्यायचं, मगच उठायचं. ओस्मोन बाइकेसुद्धा बसले एकदा, पोट सांभाळत. आणि कुणाच्या पाठवण्यात कुणी गाठोडं घालत नाही. म्हणजे घालतात अजून, पण विचारून.

आता शरद लागलाय. माझा पंखा मधूनच थांबतो आणि मग स्वतःला ढकलून पुन्हा सुरू होतो. समोर एक खोकं येऊन पडलंय, नवी पेटी आहे त्यात. तिला माझी जागा देणार आहेत. मला वाईट वाटत नाही, खरंच. मी दमलेय. दारावर बसणाऱ्याला आतलेही आपलं समजत नाहीत आणि बाहेरचेही. इतकी वर्षं दुसऱ्यांचं ओझं वाहिलं, त्यातलं एक अक्षरही माझं नव्हतं. बंद करा मला. फक्त बंद करायच्या आधी माझ्याकडे कुणाचं काही राहिलंय का, एवढं बघा. आणि त्या नव्या मुलीला एकटी सोडू नका. ती माझ्याहून वेगानं धावेल, माझ्याहून लवकर दिवा दाखवेल. दिव्याकडे बघून उठू नका.

आत्ता दुपार आहे. लाइन गेलीय. जार्किन डोंगरात भोंगे तपासायला गेलीय, आणि एका दुसऱ्या दरीच्या भोंग्याचा बदल माझ्या हातात आहे. बेक्तेन स्टुलावर बसलाय. वर बुरुल एजेनं मटण भरलेली मांती उकडलीय, वाफेचा वास जिन्यावरून खाली येतोय. वरून कुणीतरी ओरडलं, "ये रे, गार होतेय! पेटीनं घेतलंय ना?"

बेक्तेन अर्धा उठला. माझ्याकडे बघितलं.

"घेतलंय," तो वर ओरडून म्हणाला. "अजून गेलं नाही."

आणि परत खाली बसला.